रात्रीचं डेटाबेस मेंटेनन्स आणि सकाळपर्यंत रेंगाळणारं ॲप

पायवाट
नमस्कार मंडळी. पोस्टग्रेस १५ वरचा एक डेटाबेस आता माझ्याकडे सांभाळायला आला आहे. त्यात व्यवहारांच्या नोंदींचं एक मोठं टेबल आहे, अंदाजे १० कोटी ओळींचं. सोबत एक जुनी क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्टही आली. ती रात्री एक वाजता पीजी-डम्प, म्हणजे डेटाबेसचा लॉजिकल बॅकअप, सुरू करते, तो चालू असतानाच मोठ्या डिलीटने जुन्या नोंदी काढते आणि मग पूर्ण डेटाबेसवर व्हॅक्यूम ॲनालाइझ (मृत ओळींची सफाई आणि आकडेवारी ताजी करणं) चालवते. रविवारी त्याऐवजी मोठ्या टेबलावर व्हॅक्यूम फुल (टेबल नव्याने लिहून लहान करणं) असतो. ॲप चोवीस तास वापरात असतं, त्यामुळे "रात्री कोणी नसतं" हे आमच्याकडे खरं नाही. रोज रात्री क्वेऱ्या संथ होतात आणि रविवारी तर ॲप बराच वेळ पूर्ण ठप्प होतं. भरीस भर म्हणजे दिवसाही अधूनमधून ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेस आपोआप चालवतो तो व्हॅक्यूम) दिसतो, म्हणून टीममध्ये कुणीतरी सुचवलं की तो बंद करून टाकू, रात्रीचा आहेच की. मला हे पटत नाही, पण ठामपणे सांगता येईल इतकी माहिती हाताशी नाही. जाणकारांनी मदत करावी.

जुनी वही
सगळ्यात आधी, ऑटोव्हॅक्यूम बंद करू नका. पोस्टग्रेसमध्ये अपडेट केलं की जुनी ओळ जागेवरच मृत म्हणून पडून राहते आणि नवी वेगळी लिहिली जाते. डिलीटमध्येही ओळ लगेच जात नाही. हा कचरा दिवसभर साठू दिला तर टेबल आणि इंडेक्स दोन्ही फुगतात, आणि रात्रीच्या व्हॅक्यूमला तितकंच जास्त काम पडतं. म्हणजे ज्या त्रासासाठी तो बंद केला, तोच त्रास मोठा होऊन रात्री येतो.

शिवाय तो पूर्ण बंद होतच नाही. टेबलातल्या सर्वांत जुन्या न गोठवलेल्या (म्हणजे 'कायमची जुनी' अशी खूण न झालेल्या) ट्रान्झॅक्शन आयडीचं वय २० कोटींच्या पुढे गेलं की सेटिंग काहीही असो, रॅपअराउंड (आयडीचे आकडे संपून पुन्हा सुरुवातीपासून येणं) टाळणारा व्हॅक्यूम सक्तीने सुरू होतो. साधा ऑटोव्हॅक्यूम कुणाच्या लॉकच्या आड आला तर स्वतःहून माघार घेतो. हा सक्तीचा मात्र घेत नाही. तो भर दुपारी, सगळ्यात मोठ्या टेबलावर सुरू झाला तर काय होतं हे कुणाला बघावं लागू नये.

आता मला एक सांगा. रविवारी ॲप ठप्प होतं तेव्हा डिस्क आणि सीपीयू काय दाखवतात? आणि पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये (चालू सेशनच्या यादीत) त्या वेळच्या क्वेऱ्यांसमोर वेट इव्हेंट, म्हणजे त्या कशासाठी थांबल्या आहेत, कोणता असतो?

पायवाट
या रविवारी जागा राहून पाहिलं. ॲप थांबल्यावर सुरुवातीचा बराच काळ सीपीयू आणि डिस्क दोन्ही जवळजवळ रिकामे होते. साधे सिलेक्टसुद्धा अडकलेले, आणि सगळ्यांसमोर वेट इव्हेंटचा प्रकार "लॉक", इव्हेंट "रिलेशन". नंतर अचानक डिस्क पूर्ण व्यग्र झाली, तरी ॲप बंदच. इतर दिवशी चित्र वेगळं असतं. तेव्हा लॉक दिसत नाही, सगळे "आयओ"वर थांबलेले असतात.

जुनी वही
म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांना एकच नाव पडलं आहे, "मेंटेनन्समुळे स्लो". ते आधी वेगळे करू.

रविवारी असं घडतं. पीजी-डम्प सुरू होतो तेव्हा तो सगळ्या टेबलांवर ॲक्सेस शेअर लॉक घेतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. हा सगळ्यात सौम्य लॉक, सिलेक्टही तोच घेतं, त्यामुळे एरवी कुणाला कळतही नाही. मग व्हॅक्यूम फुल येतो. त्याला ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक हवा असतो, जो कुठल्याच लॉकसोबत नांदत नाही. डम्प संपेपर्यंत त्याला थांबावं लागतं. पण लॉकची रांग असते आणि नंतर आलेल्या सिलेक्टला रांगेत पुढे उभ्या असलेल्या व्हॅक्यूम फुलच्या मागे उभं राहावं लागतं. डम्पशी त्या सिलेक्टचं काहीच भांडण नाही, तरीही. म्हणून डिस्क शांत, सीपीयू शांत आणि ॲप मेलेलं. डम्प संपला की व्हॅक्यूम फुलला लॉक मिळतो, तो पूर्ण टेबल आणि त्याचे सगळे इंडेक्स नव्याने लिहायला घेतो, डिस्क व्यग्र होते, आणि तोवर टेबलाला कुणी हात लावू शकत नाही. तुम्ही पाहिलेले दोन टप्पे हेच.

यावर सेटिंग बदलून उपाय नाही. व्हॅक्यूम फुल त्या स्क्रिप्टमधून काढायचा. आणि पुढे कधीही मोठा लॉक लागणारं काम असेल (ऑल्टर टेबलसुद्धा यातच आलं) तर त्या सेशनमध्ये लॉक टाइमआउट दोन-तीन सेकंदांचा ठेवायचा. लॉक नाही मिळाला तर काम रद्द होऊ दे, थोड्या वेळाने परत प्रयत्न करा. रांग अडवून उभं राहायचं नाही.

तिसरा प्रहर
व्हॅक्यूम फुल काढला तर टेबल कधीच लहान होणार नाही. डिस्क भरत गेली की तेव्हा काय करायचं? मी रात्रपाळीत हेच काम करतो, डिस्क भरून डेटाबेस बंद पडणं हे अर्धा तास ॲप थांबण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे.

उंबरठा
तुमची काळजी रास्त आहे, पण साधा व्हॅक्यूम जागा रिकामी करून त्याच टेबलाला परत वापरायला देतो. ऑपरेटिंग सिस्टीमला ती सहसा परत जात नाही, एवढंच. पायवाट यांच्या टेबलात रोज जितक्या ओळी जातात साधारण तितक्याच येतात. टेबल एका आकाराला येऊन स्थिर होतं. दर रविवारी ते पिळून लहान करायचं आणि सोमवारपासून परत वाढू द्यायचं, यात डिस्कची बचत टिकत नाही आणि लिहिण्याचं काम मात्र दुप्पट होतं.

एकदाच खूप फुगलेलं असेल तर पीजी-रिपॅक वापरा. तो शेजारी नवी प्रत बनवतो, मधल्या काळातले बदल ट्रिगरने टिपतो आणि मोठा लॉक फक्त सुरुवातीला आणि शेवटी थोडा वेळ घेतो. टेबलाला प्रायमरी की किंवा नल नसलेला युनिक इंडेक्स लागतो, आणि टेबल अधिक इंडेक्स यांच्या दुपटीच्या आसपास मोकळी डिस्क लागते. एक गोष्ट मात्र आवर्जून लक्षात ठेवा. लॉक मिळाला नाही तर तो डीफॉल्टने ६० सेकंद वाट पाहतो आणि मग आड येणाऱ्या क्वेऱ्या रद्द करायला लागतो. आणखी थांबावं लागलं तर ती कनेक्शनंच तोडतो. ते नको असेल तर "नो किल बॅकएंड" हा पर्याय देऊनच चालवा.

आता इतर दिवसांचा आजार, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

ऑटोव्हॅक्यूमला लगाम असतो, हाताने चालवलेल्या व्हॅक्यूमला डीफॉल्टने नसतो. लगामाचा हिशोब असा. व्हॅक्यूमच्या प्रत्येक पानाला किंमत असते. बफरमध्ये (डेटाबेसच्या मेमरीत) सापडलं तर १, बाहेरून आणावं लागलं तर २, बदलून घाण केलं तर २०. बेरीज २०० झाली की ऑटोव्हॅक्यूम २ मिलिसेकंद झोपतो. पान ८ किलोबाइटचं. म्हणजे नुसती वाचनं धरली तर सेकंदाला जास्तीत जास्त ४०० मेगाबाइटच्या आसपास आणि नुसती पानं बदलणं धरलं तर ४० मेगाबाइटच्या आसपास. प्रत्यक्ष कामाला लागणारा वेळ यात धरलेला नाही, म्हणून ही कमाल मर्यादा समजा. तुमच्या स्क्रिप्टमधला व्हॅक्यूम मात्र शून्य झोपेने धावतो. डिस्क देईल तितकं घेतो. त्याच वेळी डम्प पूर्ण डेटाबेस वाचतोय आणि डिलीट वॉल (बदलांची नोंदवही) लिहितोय. मग ॲपच्या क्वेऱ्यांना उरतं काय?

तेव्हा निदान एवढं आजच करा: स्क्रिप्टच्या सेशनमध्ये व्हॅक्यूम कॉस्ट डिले २ मिलिसेकंद सेट करा. व्हॅक्यूमला जास्त वेळ लागेल, लागू दे. साधा व्हॅक्यूम वाचन-लेखन अडवत नाही, त्याला घाई कसली आहे?

पायवाट
डोळे उघडले. डिले लावून पाहिला. डिस्कवरचा ताण लक्षणीय उतरला. पण व्हर्बोज आउटपुट वाचताना एक गोष्ट खटकली. व्हॅक्यूम पूर्ण टेबलभर फिरला, आणि काढलेल्या ओळी अगदी थोड्या. बाकीच्या मृत ओळींपुढे "मृत, पण अजून काढता येत नाहीत" असं होतं. त्याच रात्री डिलीट केलेल्या लाखो ओळी त्यात होत्या.

जुनी वही
हेच शोधत होतो! याचं कारणही पीजी-डम्पच.

डम्प एकाच स्नॅपशॉटवर चालतो. त्याला एक वाजताचा डेटाबेस शेवटपर्यंत तसाच दिसायला हवा. एक वाजल्यानंतर डिलीट झालेली ओळ डम्पच्या लेखी जिवंतच आहे, म्हणून व्हॅक्यूमला ती काढायची परवानगी नाही. डम्प एखादं वेगळं टेबल वाचत असला तरी फरक पडत नाही. म्हणजे तुमची स्क्रिप्ट रोज कचरा करते, लगेच तो काढायला निघते, आणि नेमका त्याच वेळी तो काढायला मज्जाव असतो. एवढं डिस्क जाळून हाती काही नाही. खरा कचरा सकाळी डम्प संपल्यावर ऑटोव्हॅक्यूम काढतो, आणि टीमला वाटतं की "दिवसा ऑटोव्हॅक्यूम आड येतो".

डम्पसारखंच हे काम दुसरी कुठलीही लांबलेली ट्रान्झॅक्शन करते. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये बॅकएंड एक्समिन (त्या सेशनला लागणारी सर्वात जुनी ट्रान्झॅक्शन) हा रकाना पाहा, ज्याचं वय सर्वात जास्त तो गुन्हेगार. बऱ्याचदा तिथे "आयडल इन ट्रान्झॅक्शन" असलेलं एखादं रिपोर्टिंग टूल सापडतं, ज्याने सकाळी बिगिन म्हटलं आणि कमिट म्हणायचं राहून गेलं. विसरलेला रेप्लिकेशन स्लॉट आणि अर्धवट सोडलेली प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन यांचाही तोच परिणाम, पण त्या या यादीत दिसत नाहीत, वेगळ्या पाहाव्या लागतात. आयडल इन ट्रान्झॅक्शनसाठी टाइमआउट आहे, डीफॉल्टने तो बंद असतो. तो लावा.

तिसरा प्रहर
मग डम्प रेप्लिकावरून (मुख्य सर्व्हरच्या चालू प्रतीवरून) घ्या, प्रश्न मिटला.

जुनी वही
अर्धाच मिटतो. मुख्य सर्व्हरवर व्हॅक्यूमने ओळ काढली की तो बदल रेप्लिकावरही लागू व्हायला हवा. तिथे डम्पला ती ओळ अजून हवी असते. डीफॉल्टने रेप्लिका ३० सेकंद थांबते आणि मग क्वेरी रद्द करते, म्हणजे डम्प अर्ध्यात पडतो. त्यावर उपाय म्हणून लोक हॉट स्टँडबाय फीडबॅक (रेप्लिकाला कोणत्या ओळी अजून हव्यात ते मुख्य सर्व्हरला कळवणारी सेटिंग) चालू करतात, आणि रेप्लिकावरच्या डम्पमुळे मुख्य सर्व्हरवरचा कचरा परत अडकून पडतो. म्हणजे फिरून तिथेच. रेप्लिकावर ती वाट पाहण्याची मर्यादा वाढवून तेवढा वेळ तिला मागे पडू देणं हा एक मार्ग, पण मग ती रेप्लिका ताज्या वाचनासाठी धरता येत नाही.

मला विचाराल तर रोजचा बॅकअप फिजिकल करा. पीजी-बेसबॅकअप आणि सोबत वॉल आर्काइव्ह. तो फायली कॉपी करतो, व्हॅक्यूमला अडवणारा स्नॅपशॉट धरत नाही. त्याला वेगमर्यादाही घालता येते. वर हव्या त्या क्षणापर्यंत मागे जाता येतं ते वेगळंच. लॉजिकल डम्प आठवड्यातून एकदा पुरे.

नवी पाटी
वाचतोय आणि शिकतोय. दोन शंका आहेत. व्हॅक्यूम एवढं मोठं टेबल वाचतो तेव्हा शेअर्ड बफरमधली गरम पानं बाहेर ढकलली जात नाहीत का? आणि ऑटोव्हॅक्यूम मागे पडत असेल तर त्याचे वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या व्हॅक्यूमच्या प्रक्रिया) ३ वरून १० करायचे का?

उंबरठा
पहिलीचं उत्तर: शेअर्ड बफर बऱ्यापैकी सुरक्षित राहतात. १५ मध्ये व्हॅक्यूम फक्त २५६ किलोबाइटच्या एका छोट्या कड्यात पानं फिरवतो. १६ पासून तो आकार बदलता येतो आणि १७ मध्ये डीफॉल्ट २ मेगाबाइट झाला. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेज कॅशला मात्र हे संरक्षण नाही, तिथे धक्का बसतोच.

दुसरी शंका फार चांगली आहे, कारण हा गैरसमज सगळीकडे आढळतो. २०० चं ते बजेट सगळ्या वर्करमध्ये मिळून वाटलं जातं. वर्कर १० केले आणि बजेट तेवढंच ठेवलं तर प्रत्येकाच्या वाट्याला आणखी कमी येतं आणि मोठ्या टेबलावरचा व्हॅक्यूम उलट जास्त रेंगाळतो. आधी ती २०० ची मर्यादा वाढवा, मग गरज असेल तर वर्कर. डिस्क चांगली एसएसडी असेल तर १००० ते २००० पर्यंत न्यायला हरकत नसते, पण पायरीपायरीने आणि क्वेऱ्यांच्या वेळा बघत.

पायवाट, तुमच्या टेबलासाठी स्केल फॅक्टरही बघा. डीफॉल्ट ०.२, म्हणजे १० कोटींच्या टेबलात २ कोटी ओळी मेल्याशिवाय ऑटोव्हॅक्यूम येतच नाही. त्यात आणखी एक मेख आहे. १५ मध्ये मृत ओळींची यादी प्रत्येकी ६ बाइटने मेमरीत ठेवली जाते. डीफॉल्ट ६४ मेगाबाइटमध्ये १ कोटी ११ लाखांच्या आसपास मावतात. २ कोटी झाल्या की यादी मध्येच भरते, सगळे इंडेक्स पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरून येतात, यादी रिकामी होते, आणि मग दुसरी फेरी. प्रत्येक इंडेक्स दोनदा पूर्ण वाचला जातो. ऑटोव्हॅक्यूम वर्क मेम २५६ मेगाबाइट केलंत तर एकाच फेरीत भागतं. (१७ मध्ये ही यादी ठेवायची पद्धतच बदलली, खूप कमी जागा लागते.)

या एका टेबलाचा स्केल फॅक्टर ०.०२ करा. पूर्ण सर्व्हरचा बदलू नका, लहान टेबलांना ०.२ व्यवस्थित चालतं.

नवी पाटी
मग ०.००१ का नको? जितकं थोडं तितकं हलकं ना?

उंबरठा
टेबलाच्या बाबतीत हो. जी पानं पूर्ण स्वच्छ आहेत ती व्हिजिबिलिटी मॅपवरून कळतात आणि व्हॅक्यूम त्यांना वगळतो. इंडेक्सला अशी सोय नाही, तो पूर्ण वाचावा लागतो. कचरा अगदीच थोड्या पानांत, म्हणजे २ टक्क्यांहून कमी पानांत असेल तर १४ पासून इंडेक्सची फेरी टाळली जाऊ शकते, पण त्या भरवशावर दर काही मिनिटांनी व्हॅक्यूम बोलवणं बरोबर नाही. टेबलावर आठ-नऊ इंडेक्स असतील तर प्रत्येक फेरीची किंमत तेवढी. म्हणूनच न वापरले जाणारे इंडेक्स काढणं हेही मेंटेनन्स हलकं करण्याचंच काम. फक्त वापराचे आकडे प्रत्येक सर्व्हरचे वेगळे असतात, तेव्हा रेप्लिकावर तो इंडेक्स वापरात आहे का हे पाहिल्याशिवाय काढू नका.

शाईपेन
मी एसक्यूएल सर्व्हरवाली, तरी थोडं लिहिते, कारण आमच्याकडेही दुखणं तेच. दर रात्री सगळे इंडेक्स रीबिल्ड करायची (नव्याने बांधायची) प्रथा अनेक ठिकाणी दिसते. ५ ते ३० टक्के फ्रॅगमेंटेशनला (पानांचा क्रम विस्कटण्याला) रीऑर्गनाइझ, वर रीबिल्ड, हे आकडे लोकांनी पाठ केलेत. ते फिरत्या डिस्कच्या काळात जास्त खरे होते. आता एसएसडीवर पानांचा क्रम विस्कटल्याचा फरक बराच कमी पडतो. पानं अर्धी रिकामी असतील तर मात्र मेमरी वाया जाते, ते बघावं.

आणि लोक म्हणतात "रीबिल्ड केलं की क्वेऱ्या पळतात". खरंच पळतात, पण पुष्कळदा कारण वेगळं असतं. रीबिल्ड करताना त्या इंडेक्सचे स्टॅटिस्टिक्स पूर्ण स्कॅनने ताजे होतात, आणि प्लॅन सुधारतो. तेवढंच काम नुसत्या अपडेट स्टॅटिस्टिक्सने कितीतरी स्वस्तात होतं. आधी तेवढं करून पाहा. उलट, रीबिल्डनंतर लगेच सॅम्पलवर स्टॅटिस्टिक्स अपडेट करणाऱ्या स्क्रिप्टही पाहिल्यात. त्या पूर्ण स्कॅनचे चांगले आकडे पुसून कमी प्रतीचे लिहितात.

रीबिल्डचा लॉग रेप्लिकाकडेही जावा लागतो हे विसरलं जातं, रात्री दुय्यम सर्व्हर मागे पडण्याचं ते नेहमीचं कारण. फार मोठा इंडेक्स असेलच तर २०१७ पासून ऑनलाइन रीबिल्ड मध्येच थांबवून नंतर पुढे चालू करता येतो, त्याचा उपयोग करा.

तिसरा प्रहर
शाईपेन यांच्याशी सहमत. पण रात्रीच्या वेळेला इथे जरा जास्तच नावं ठेवली जाताहेत. एक काम मी रात्रीच करतो आणि करत राहीन. ज्या टेबलांत नुसती भर पडते, तिथे जुन्या ओळी फ्रीझ करण्याचं (गोठवण्याचं) काम साठत जातं. १३ पासून नव्या ओळींच्या संख्येवरही ऑटोव्हॅक्यूम येतो हे खरं, पण मोठ्या टेबलावर तो ०.२ तिथेही लागू आहेच. म्हणून कमी वर्दळीच्या वेळी मी स्वतः व्हॅक्यूम फ्रीझ चालवतो, डिले लावून. नाहीतर जुनी वही म्हणतात तो सक्तीचा व्हॅक्यूम कुठल्या दुपारी येईल याचा नेम नाही.

जुनी वही
यात माझं काही दुमत नाही. कमी गर्दीची वेळ शोधा, पण ती आलेखावरून शोधा. बॅकअप, बॅच जॉब, रिपोर्ट सगळेच "रात्री एक वाजता" ठेवलेले असतात. त्यामुळे दिवसातला सगळ्यात व्यग्र तास कित्येकदा तोच निघतो.

पायवाट
थोडा काळ गेल्यावर परत येतोय. बदल केले ते असे: व्हॅक्यूम फुल काढला. बॅकअप फिजिकल केला, लॉजिकल डम्प आता फक्त शनिवारी. डिलीट पाच-पाच हजारांच्या तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याला कमिट, मध्ये थोडा विराम. टेबलाला ०.०२, आणि १५ मध्ये ऑटोव्हॅक्यूमची लॉग नोंद फक्त १० मिनिटांच्या वर होते, ती मर्यादा खाली आणली म्हणजे काय चाललंय ते दिसतं. रविवारचं ठप्प होणं थांबलं. रात्रीचा संथपणा बराच गेला. दिवसा ऑटोव्हॅक्यूम आधीपेक्षा जास्त वेळा दिसतो, आणि कुणाची तक्रार नाही. बंद करण्याचा विषय आपोआप मागे पडला.

उंबरठा
फार छान! पुढची पायरी सुचवतो. हे टेबल महिन्यावार पार्टिशन करा, म्हणजे दर महिन्याचा वेगळा तुकडा. मग जुनी नोंद डिलीट करायचीच नाही, जुनं पार्टिशन वेगळं काढून ड्रॉप करायचं. मृत ओळीच नाहीत, तर व्हॅक्यूमला काढायला काय राहणार? १४ पासून डिटॅच कन्करंटली आहे, त्यामुळे मुख्य टेबलावर मोठा लॉकही लागत नाही. मात्र डीफॉल्ट पार्टिशन ठेवलंत तर ती सोय मिळत नाही, आधीच ठरवा.

पायवाट
ते मनावर घेतो. तोवर एक शेवटची शंका. फुगलेल्या इंडेक्सवर रीइंडेक्स कन्करंटली (वाचन-लेखन न अडवता इंडेक्स नव्याने बांधणं) चालवलं, मध्येच कनेक्शन तुटलं. आता टेबलावर त्याच नावाचा, पुढे "सीसीन्यू" लागलेला एक इंडेक्स दिसतोय. त्याला हात लावू का?

जुनी वही
पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश-डी आणि पुढे टेबलाचं नाव देऊन बघा, त्याच्यापुढे "इनव्हॅलिड" लिहिलेलं असेल. तो अर्धवट राहिलेला नवा इंडेक्स. क्वेरी त्याला वापरत नाही, पण प्रत्येक इन्सर्टला तो सांभाळण्याचा खर्च पडू शकतो. ड्रॉप इंडेक्स कन्करंटलीने काढा आणि रीइंडेक्स परत चालवा. शेवटी "सीसीओल्ड" असेल तर नवा इंडेक्स तयार झालेला आहे, जुना काढायचा राहिलाय; तेव्हा फक्त तो ड्रॉप करा, परत रीइंडेक्स नको. आणि सुरू करण्याआधी लांबलेली ट्रान्झॅक्शन कुठली नाही ना ते बघा. कन्करंटली त्या सगळ्या संपायची वाट पाहतं, आणि तुमचा शनिवारचा डम्पही त्यातच येतो.